सोफ्यावरची माणसं

२०२४च्या पावसाळ्यात आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, थेंबांच्या दोन बाटल्या दिल्या आणि चार दिवस डोळ्यांना पूर्ण विश्रांती सांगितली. टीव्ही नाही, पेपर नाही, फोनही नाही. मी रजा टाकून मिरजेला गेले होते. पहिल्याच दुपारी सव्वादोनला आईनं आपली खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली आणि म्हणाली, "लाव टीव्ही. मी बघत नाही. नुसती ऐकते."

अडीचला 'आई कुठे काय करते' ही मालिका सुरू झाली. आई पाठमोरी बसलेली आणि मी तिचा संजय. कोण आलं, कोण उठून गेलं, कुणी कुणाकडे पाठ फिरवली, सगळं सांगत होते. मध्येच तिनं विचारलं, "कांचन कुठाय?"

"सोफ्यावर."

"काय करतीय?"

"बघतीय."

"आणि अप्पा?"

"शेजारी बसलेत. तेही बघतायत."

जाहिराती लागल्या तशी ती म्हणाली, "म्हणजे आज दोघं नाहीतच म्हण की."

"आहेत गं. मघापासून आहेत."

"मला तर एकदाही भेटले नाहीत."

मी काहीच बोलले नाही, पण ते वाक्य दिवसभर मनात राहिलं. एरवी आम्ही पडद्याकडे बघत असतो, म्हणून ते दोघं, नायिका अरुंधतीचे सासू-सासरे, 'आहेत' असं वाटतं. हॉलमध्ये सगळं घर जमलेलं असतं, मध्यभागी भांडण पेटलेलं असतं, आणि कॅमेरा एकदा कांचनच्या डोळ्यांवर, एकदा अप्पांच्या चेहऱ्यावर जाऊन येतो. त्या चार दुपारी चित्र बाजूला झालं तेव्हा त्या घरात कोण राहतंय आणि कोण नुसतं बसवलेलं आहे, ते कानांना स्वच्छ कळत होतं. एके दिवशी अप्पा सलग चार वाक्यं बोलले, तर आई खुर्चीत ताठ बसली. "हां. आले," म्हणाली. पाहुणे आल्यावर म्हणतात तसं.

ही मालिका आमच्याकडे २०१९च्या डिसेंबरपासून होती. मूळ गोष्ट बंगाली, 'श्रीमोयी' या मालिकेची. हिंदीत तीच 'अनुपमा' झाली. मराठीत ती 'समृद्धी' बंगल्यातल्या देशमुखांची झाली आणि आईला ती आपल्या गल्लीतल्या माणसांची वाटली. अरुंधती झालेल्या मधुराणी प्रभुलकरांचं कौतुक सगळ्यांनीच केलं. आईचा जीव मात्र पहिल्यापासून कांचनवर. मुलाचं, अनिरुद्धचं, चुकतंय हे दिसत असूनही त्याचीच बाजू घेणारी, सुनेला टोचून बोलणारी आणि तिच्यावाचून पान न हलणारी ती सासू अर्चना पाटकरांनी कधी नुसती खाष्ट होऊ दिली नाही. तिच्या रागाखाली भीती दिसायची. किशोर महाबोल्यांचे अप्पा सुनेच्या बाजूनं उभे राहायचे, पण आवाज न चढवता. एका खोलीत जन्म काढलेल्या दोन माणसांची पोटच्या पोराबद्दल इतकी वेगळी मतं असतात, आणि तरी रात्री दिवा एकाच वेळी मालवावा लागतो, हे मला त्या मालिकेतलं सर्वांत खरं वाटायचं.

मग साडेसातची, एके काळी टीआरपीच्या आकड्यांत सगळ्यांच्या पुढं असलेली ही मालिका खाली येत गेली. अरुंधतीचं दुसरं लग्न झालं, तो दुसरा नवरा आशुतोषही गेला, आणि मार्च २०२४मध्ये मालिका दुपारी अडीचला आली. आईनं दुपारची झोप सोडली. निवृत्तीनंतर इतकी वर्षं दोन ते साडेतीन पडायची सवय, ती एका आठवड्यात मोडली. "संध्याकाळी पाहुण्यांसारखी यायची, आता दुपारी येते. आली की उठून बसायला नको?" असं तिचं म्हणणं.

तीन वाजता कोल्हापूरहून मावशीचा फोन. हा फोन म्हणजे मालिकेचा दुसरा भागच. त्या चार दिवसांत आईला फोन हातात घ्यायला बंदी होती म्हणून मी तो स्पीकरवर ठेवायचे, त्यामुळे त्यांचा वाद पहिल्यांदाच पूर्ण माझ्या कानावर पडला.

मावशीचं म्हणणं सरळ होतं. "अक्का, म्हाताऱ्या माणसांना बघायला मी टीव्ही लावत नाही. घरात आरसा आहे माझ्या. आणि ह्यांना काही दिलं की काय देतात? झटका येतो, जिन्यावरून पडतात, नाहीतर वकील बोलावून मृत्युपत्र करतात. म्हातारं माणूस जरा जास्त दिसायला लागलं की मला कळतं, आता दवाखाना. त्यापेक्षा सोफ्यावर बसू देत बापडे. सुखात तरी आहेत."

आईचं म्हणणं, मालिका घसरली तीच मुळी ह्या दोघांना गप्प केल्यामुळं. "अरुंधतीचं सगळं बोलून झालंय गं. ती किती वेळा उभी राहणार? कांचननं आयुष्यभर पोराला पाठीशी घातलं, तिचं म्हातारपण कसं जातंय ते दाखवा की. ते कुणी दाखवलंय?"

माझा भाऊ जेवताना मध्येच म्हणाला, "त्यांना काम मिळतंय, पैसे मिळतात, तुम्ही कशाला त्रास करून घेता?" त्याला दोघी बहिणींनी एका सुरात गप्प केलं. तेवढ्यापुरत्या त्या एक झाल्या.

मला त्या वादात आईची बाजू घ्यायची होती, पण का ते नीट सांगता येत नव्हतं. मग मला नव्वदच्या दशकातली आमची राज्य नाट्य स्पर्धेची तालीम आठवली. मी बी.ए.ला होते. दुसऱ्या अंकात माझं पात्र बराच वेळ नुसतं बसून असायचं आणि शेवटी दोन वाक्यं बोलायचं. दिग्दर्शक म्हणजे आमच्याच गल्लीतले एक काका, दिवसा बँकेत, रात्री नाटकात. तिसऱ्या दिवशी त्यांनी तालीम थांबवली आणि मला विचारलं, "तू ऐकतीयस, की तुझ्या वाक्याची वाट बघतीयस?" मी रडकुंडीला आले. त्यांनी मग पंधरा दिवस माझ्याकडून एकच गोष्ट करून घेतली. समोरचा बोलतोय ते रोज नव्यानं ऐकायचं. ऐकल्यावर आपोआप मान हलते, श्वास अडकतो, हात पदराकडे जातो. तेवढंच करायचं, जास्तीचं काही नाही. रंगमंचावर गप्प बसलेलं माणूसही प्रेक्षकाला पूर्ण वेळ दिसत असतं. बोलणाऱ्यावरून नजर काढून प्रेक्षक त्याच्याकडे केव्हाही बघू शकतो, आणि चांगला नट असला की बघतोच.

आपल्या मालिकांमधली बरीचशी ज्येष्ठ मंडळी या तालमीतून आलेली आहेत. त्यांची सगळ्यात मोठी कमाई ऐकणं हीच. आणि मालिकेत त्यांच्या वाट्याला जे येतं ते ऐकण्यासारखं दिसतं, पण ऐकणं नसतं. मालिकांच्या सेटवर काही वर्षं सहायक म्हणून राबलेल्या एका मैत्रिणीनं मला हे समजावून सांगितलं. सगळे एकत्र असलेला मोठा शॉट आधी घेतला जातो, मग एकेकाचे क्लोज, म्हणजे नुसत्या चेहऱ्याचे शॉट. अनेकदा क्लोज द्यायच्या वेळी समोरचा कलाकार निघून गेलेला असतो, त्याची वाक्यं ही मैत्रीण कागद धरून सपाट आवाजात वाचायची. "आता धक्का द्या. आता काळजी. आता डावीकडे बघा, अनिरुद्ध गेला असं समजून," असं एकामागून एक. संकलनात त्यातला एक तुकडा उचलून योग्य जागी लावतात आणि त्यावर संगीताचा ठोका देतात. बारा तासांच्या शिफ्टमध्ये रोजचा भाग बाहेर काढायचा असतो, आधी करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपत आलेली असते, उद्याचं प्रसारण डोक्यावर असतं. कुणी हे दुष्टपणानं करत नाही. पण चाळीस वर्षं समोरच्याच्या डोळ्यांत बघून काम केलेल्या माणसाला रिकाम्या भिंतीकडे बघून काळजी दाखवायला सांगायची, यात केवढं वाया जातंय! मैत्रीण म्हणाली, एक ज्येष्ठ बाई आपले क्लोज संपले तरी बसून राहायच्या आणि नवख्या मुलीच्या क्लोजला समोरून स्वतः वाक्यं द्यायच्या. घरी जायला उशीर व्हायचा. "तिला कुणीतरी समोर पाहिजे," एवढंच म्हणायच्या.

पैशांचाही भाग आहे. मालिकेत बहुतेकांना दिवसावर मानधन मिळतं. ज्येष्ठ नटाचा दिवस महाग, म्हणून महिन्यातले मोजकेच दिवस घेतले जातात. गुरुवारी आठवड्याचे आकडे येतात, ते पडले की सगळ्यांची नजर कथेच्या मधल्या जोडप्याकडे वळते. नवी खलनायिका आणा, अपहरण करा, लग्नाचा महाएपिसोड लावा. त्या धावपळीत लेखकाच्या हातून पहिल्यांदा निसटतं ते स्वयंपाकघरातलं, देवघरातलं, गॅलरीतलं दोन म्हाताऱ्या माणसांचं बोलणं, कारण त्यानं 'गोष्ट पुढे जात नाही'. तारखा जुळल्या नाहीत की आजोबा गावाला जातात आणि आजी मुलीकडे. परत येतात तेव्हा कुणी साधं विचारतही नाही, प्रवास कसा झाला म्हणून.

मला हे पटत नाही, आणि पटत नाही याला पुरावा आपल्याच टीव्हीवर आहे. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ साली सुरू झाली. दिलीप प्रभावळकरांनी स्वतःच्याच 'अनुदिनी'वरून रंगवलेले आबा हे त्या घरातले निवृत्त आजोबा. तरी मालिका त्यांच्या नावाची, आणि घर आम्ही बघितलं ते त्यांच्या नजरेनं. नातवाच्या उचापती आणि नातीचे रुसवे आबांच्या मनातून गाळून आमच्याकडे यायचे. ती आठवड्यातून एकदा यायची, रोजचा रेटा नव्हता, हे कबूल. पण 'चार दिवस सासूचे' तर रोजचीच. २००१ ते २०१३, तीन हजारांवर भाग, आणि मध्यभागी रोहिणी हट्टंगडींची आशालता देशमुख. 'गांधी' चित्रपटात तरुण वयात म्हाताऱ्या कस्तुरबा उभ्या करून बाफ्टा मिळवलेली ही नटी इथं अकरा वर्षं एका सासूला अधिकार आणि दुखणं दोन्ही देत राहिली. २००८ साली स्टार प्रवाहवर आलेल्या 'अग्निहोत्र'मध्ये तर विक्रम गोखले, मोहन आगाशे, विनय आपटे, सुहास जोशी अशी सगळी मोठी माणसं होती. नाशिकचा वाडा, आठ गणपती आणि एकमेकांपासून तुटलेलं कुटुंब. तरुण मुलं वाड्याचं कोडं सोडवायला निघायची, पण कोड्याचे तुकडे म्हाताऱ्यांच्या मनात लपलेले असायचे. त्यांच्याशिवाय गोष्टीला एक पाऊल टाकता येत नव्हतं.

यातला प्रत्येक ज्येष्ठ माणूस काहीतरी मागत होता. आबांना घरात आपली जागा हवी होती, आशालताबाईंना घर मुठीत हवं होतं, अग्निहोत्रींना जुनं काही झाकून ठेवायचं होतं. सोफ्यावरच्या माणसांना नेमकं हेच दिलं जात नाही. ती दुसऱ्यांचं बरं व्हावं एवढंच इच्छितात. सुनेचं, नातवाचं, घराण्याचं. स्वतःला काही नको असलेलं माणूस कितीही मोठ्या नटानं केलं तरी सोफ्यावरून उठत नाही.

तिसऱ्या दिवशी फोनवर आईनं मावशीला नेमकं पकडलं. 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेची मावशी वेडी. दुसरा भाग, २०१९चा, माधव अभ्यंकरांच्या अण्णा नाईकांचा. पहिल्या भागात अण्णांच्या मरणानं गोष्ट सुरू झाली होती आणि दुसऱ्या भागात त्या मेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य उघडलं. लोभ, वासना, दरारा. शकुंतला नरेंची माई ते सगळं पदराआड गिळत त्या घरात वावरायची. तळकोकणातला तो वाडा मावशीला आपल्या घरापेक्षा जास्त पाठ होता.

"मग अण्णा काय तरणाताठा होता?" आईनं विचारलं.

फोनवर क्षणभर शांतता. मग मावशी म्हणाली, "तो म्हातारा नव्हता गं. तो अण्णा होता."

आई काळ्या चष्म्याआडून माझ्याकडे वळली. ऐकलंस ना, असा तिचा चेहरा.

चौथ्या दुपारी वाद वेगळ्याच वाटेनं गेला. मावशी म्हणाली, "दगदग तरी किती करायची त्या जिवांनी? बारा-बारा तास. घरी बसावं आता." आणि आई एकदम तापली. तिला २०२० आठवलं. त्या वर्षी ३० मेला राज्य सरकारनं चित्रीकरण पुन्हा सुरू करायची नियमावली काढली, तिच्यात पासष्टच्या पुढच्या कलाकारांना सेटवर यायला मनाई होती. काळजीपोटीच केलेला नियम. पण घरोघरच्या आजी-आजोबांच्या भूमिका करणारी माणसं त्यात अडकली, आणि रोजावर पोट असलेल्यांचं तर विचारूच नका. सत्तरीतल्या एका नटानं मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि ७ ऑगस्टला न्यायालयानं ती मनाई रद्द केली. आई तेव्हा पेपरमधलं ते कात्रण दाखवत घरभर हिंडली होती. सत्तरीची तीही होती आणि भाजी आणायलाही आम्ही तिला बाहेर पडू देत नव्हतो.

त्यानंतर दीड महिन्यानं, २२ सप्टेंबरला, आशालता वाबगावकर गेल्या. सातारा जिल्ह्यात मालिकेचं चित्रीकरण चालू असताना कोरोना झाला आणि साताऱ्यातच त्यांचा अंत झाला. वय ७९. आईनं कॉलेजात असताना 'मत्स्यगंधा' बघितलं होतं. गोवा हिंदू असोसिएशनच्या त्या नाटकातली गोव्याची सत्यवती, गाणारी, अभिषेकीबुवांच्या चाली गळ्यात घेऊन उभी. ती बातमी आली त्या दिवशी आई संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलली नाही. आणि आता चार वर्षांनी फोनवर मावशीला म्हणाली, "घरी बसावं असं तू म्हणतेस. तिला बसायचं नव्हतं. बसायचं की नाही, हे तिचं तिला ठरवू दे. पण सेटवर आलीच आहे तर तिच्याकडून काम करून घ्या ना! एवढ्या लांबून आलेल्या बाईला नुसतं बसवून ठेवता?"

मावशी काही बोलली नाही. मीही.

त्या दोन बातम्या एकमेकींशेजारी ठेवल्या की मला आजही काय म्हणावं ते कळत नाही. न्यायालयाचा निकाल बरोबर होता असंच मी म्हणेन. आणि आशालताबाईंचं जाणंही मनातून जात नाही. पण त्यामुळं एवढं झालं की सोफ्यावर बसलेला कुठलाही वयस्क चेहरा आता मला फुकटचा वाटत नाही. ते माणूस सकाळी उठून, औषधांची डबी घेऊन, घोडबंदरच्या नाहीतर मढच्या रस्त्यानं तासभर गाडीत बसून तिथं आलेलं असतं.

त्याच २०२०च्या डिसेंबरात रवी पटवर्धन गेले. 'अग्गंबाई सासूबाई'मधले आजोबा. पन्नाशीतली आसावरी पुन्हा लग्न करणार, ही ती गोष्ट. निवेदिता सराफ आणि गिरीश ओक यांच्या वाट्याला प्रेम आलं होतं, पण आमच्या घरात खरी उत्सुकता सासरेबुवांची होती. जुन्या वळणाचा, आवाजानं घर हलवणारा तो माणूस विधवा सुनेच्या लग्नाला कसा तयार होतो? रवी पटवर्धनांनी तो प्रवास इतक्या बारीक पावलांनी केला, की नक्की कुठल्या दिवशी ते बदलले हे सांगता येऊ नये. ऐंशी ओलांडल्यावर या माणसानं रत्नाकर मतकरींच्या 'आरण्यक'मध्ये पुन्हा धृतराष्ट्र उभा केला होता. मालिकेत त्यांच्यानंतर ती भूमिका मोहन जोशींनी केली. मावशीला तेव्हा ते आवडलं नव्हतं, आजोबा गेले असं दाखवून मोकळं व्हायला हवं होतं, असं ती म्हणायची. आईचं मत उलट. "माणूस बदलला तर बदलला. आजोबा कशाला मारायचे? घरात ते लागतात." यात मात्र मी मावशीच्या बाजूची होते आणि अजूनही आहे. त्या आवाजाची रिकामी जागा घरानं चार दिवस तरी सोसायला हवी होती.

चार दिवस संपले. आईनं चष्मा काढला, खुर्ची पुन्हा टीव्हीकडे वळवली, मी पुण्याला परतले. ३० नोव्हेंबरला 'आई कुठे काय करते' संपली. पाच वर्षांना थोडंच कमी. त्या रात्री आईनं फोनवर मालिकेबद्दल फारसं काही सांगितलं नाही, फक्त म्हणाली, "उद्या रविवार आहे ते बरं. परवाचं परवा बघू."

परवा, २ डिसेंबरला, त्याच अडीचच्या वेळेला नवी मालिका आली. 'आई आणि बाबा रिटायर होत आहेत'. निवेदिता सराफ आणि मंगेश कदम, म्हणजे नावापासूनच आई-बाबांची गोष्ट. अशी गोष्ट दुपारच्या वेळेला ठेवावी, याचं मला वाईट वाटलं. साडेसातला घरातले सगळे असतात. तेव्हा मुलं आणि सुनाही बघतील असं ते काहीतरी होतं. अडीचला बघणार कोण? ज्यांची गोष्ट आहे तेच.

तीनला मीच मिरजेला फोन लावला. लाइन व्यस्त. कोल्हापूर चालू होतं. साडेतीनला लागला.

"कशी वाटली?"

"पहिले दहा मिनिटं मी खिडकीकडे तोंड करून बसले होते," आई म्हणाली.

"अगं, आता दोन्ही डोळे चांगले आहेत तुझे!"

"असू देत. आधी ऐकून घेतलं."

"मग?"

"आले. दोघंही ऐकू आले. मग वळवली खुर्ची."